गांजाने अंगदुखी थांबते का? मोजमापाची पार्श्वभूमी

सगळं अंग ठणकतं, रात्री झोप लागली तरी सकाळी थकवा जात नाही, रक्ताचे रिपोर्ट मात्र नॉर्मल. बीड-परभणीकडच्या बायका वर्षानुवर्षं याला 'वात' म्हणत आल्या. आता छत्रपती संभाजीनगरच्या संधिवाततज्ज्ञाकडे गेलं की कागदावर 'फायब्रोमायल्जिया' लिहून मिळतं. पाठोपाठ मोबाइलवर 'विजया' तेलाची, म्हणजे भांगेच्या अर्काची जाहिरात दिसू लागते. त्याने गुण येतो का, हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. तो सुटत नाही, कारण गुण मोजायचा कसा यावरच गाडी अडते.

विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ६ नोव्हेंबर १८३८ रोजी तीन संधिवाताच्या रुग्णांना गांजाच्या राळेचा एकेक ग्रेन (जुनं वजन, सुमारे ६५ मिलिग्रॅम) दिला. दुपारी दोनला औषध पोटात गेलं. चार वाजता एक जण गाणी म्हणू लागला, जास्तीचं जेवण मागू लागला आणि आपण ठणठणीत बरे आहोत असं सांगू लागला. बाकी दोघांना काहीच झालं नाही. संध्याकाळी त्या गाणाऱ्याचे हातपाय ठेवू तिथे राहू लागले, तेव्हा सगळ्यांची धावपळ उडाली. १८३९ मध्ये ओशॉनेसीने हे प्रामाणिकपणे छापलं. पण तो माणूस खरंच बरा झाला होता की नुसता नशेत होता? आजच्या चाचण्याही याच प्रश्नावर अडखळतात.

पुढचा इतिहास कायद्याचा. इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये गांजा-भांगेवर आयोग नेमला; बेताने घेतल्यास सहसा अपाय होत नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला. शेजारच्या अहमदनगर भागात तेव्हा गांजा पिकत होता. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला आणि १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. या कायद्याने फुलांचे शेंडे म्हणजे गांजा, आणि चरस यांवर बंदी आणली. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर राहिल्या. म्हणूनच तुरीत गांजाची झाडं सापडली की गुन्हा दाखल होतो, आणि पानांपासून केलेलं आयुर्वेदिक औषध मात्र वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं. औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे, त्यामुळे ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायचं असतं. मोबाइलवरच्या पाच मिनिटांच्या बोलण्याला देखरेख म्हणायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

फायब्रोमायल्जिया या आजाराची मोजपट्टीही बदलत गेली. १९०४ मध्ये विल्यम गॉवर्सने त्याला 'फायब्रोसायटिस' म्हटलं, कारण स्नायूंच्या तंतूंना सूज असते असा त्याचा समज होता. सूज कधी सापडली नाही. १९९० च्या अमेरिकी निकषांत अंगावरचे १८ बिंदू अंगठ्याने दाबायचे आणि किमान ११ दुखले पाहिजेत, असं ठरलं. २०१० मध्ये दाबणं गेलं. शरीराचे १९ भाग, थकवा, झोप आणि विसरभोळेपणा यांची रुग्णालाच विचारून बेरीज सुरू झाली. थोडक्यात, आजार आणि गुण दोन्ही रुग्णाच्याच तोंडून कळणार.

अशा आजारावर नशा आणणारं औषध तपासणं अवघडच, कारण खरं औषध कुणाला मिळालं आणि खोटं कुणाला, हे रुग्ण ओळखून बसतो. २००८ मध्ये कॅनडात ४० रुग्णांवर नॅबिलोन या कृत्रिम कॅनाबिनॉइडची, म्हणजे गांजातल्या द्रव्यासारख्या औषधाची, चाचणी झाली. दुखणं कमी झालं. २०१० च्या दुसऱ्या चाचणीत त्याच गोळीने झोप थोडी सुधारली, दुखण्यात फरक नाही. इस्रायलमधल्या ३६७ रुग्णांच्या पाहणीत सहा महिन्यांनी दुखण्याचा मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) दहापैकी ९ वरून ५ वर आला, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. माझ्या मते सर्वांत बोलकी चाचणी २०१९ ची, नेदरलँड्समधल्या लायडनची. वीस बायकांनी गांजाची वाफ ओढली. एका वाणाने ९० टक्के जणींचं दुखणं निदान ३० टक्क्यांनी उतरलं. औषध नसलेल्या वाफेनेही ५५ टक्के जणींना तितकाच आराम पडला! सरासरी पाहिली तर कुठलाच वाण खोट्या वाफेच्या पुढे गेला नाही. २०२१ मध्ये वेदनाविषयक जागतिक संघटनेने या औषधांची शिफारस करायला नकार दिला, तो अशाच तोकड्या पुराव्यामुळे.

म्हणून विजया घेणाऱ्यांनी वहीत झोप, दुखणं आणि थकवा वेगवेगळा लिहावा, आणि त्याच आठवड्यात दुसरी नवी गोळी सुरू करू नये. नाहीतर गुण कशाचा आला हे डॉक्टरलाही सांगता येणार नाही. चाचण्यांत वापरतात ती २१ प्रश्नांची प्रश्नावली मात्र जशीच्या तशी उचलून इथे चालणार नाही. त्यात जिना चढणं, पलंगावरची चादर बदलणं, किराण्याची पिशवी उचलणं असे प्रश्न आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला जिन्याबद्दल काय विचारणार? मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीपर्यंत नेता आली का, खुरपायला बसल्यावर उठताना कुणाचा हात लागला का, भरलेली घागर किती वेळा टेकवावी लागली, हे विचारावं.