कंट्रोल चार्टवरच्या दोन रेघा

मे १९२४. टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीतल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने साहेबांना पानभर टिपण धाडले. पहिला कंट्रोल चार्ट, म्हणजे ठरावीक वेळाने घेतलेल्या मापांचे ठिपके आणि त्यांच्या वर-खाली मर्यादेच्या दोन रेघा (लिमिट) असलेला तक्ता, त्यातच होता. महायुद्धात तो अमेरिकेच्या शस्त्रास्त्र कारखान्यांत पोचला, १९५० नंतर जपानने उचलला. हे गृहस्थ १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले. पण भोसरी-पिंपरीच्या छोट्या वर्कशॉपांत चार्ट घुसला तो १९९० च्या दशकात. अमेरिकी मोटार कंपन्यांनी १९९४ साली पुरवठादारांसाठी सामाईक दर्जा-मानक काढले, आणि ऑडिटच्या धाकाने मशीनशेजारी चार्ट टांगले गेले.

घोळ सुरू झाला तो ‘लिमिट’ या शब्दापासून. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, गिऱ्हाईक ठरवतो. चार्टवरच्या लिमिट मशीनच्याच मापांतून निघतात. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. तरी कित्येक ठिकाणी सरासरीच्या चार्टवर सरळ टॉलरन्सच्या रेघा मारल्या जात. समजा शाफ्टचा व्यास २५.०० ± ०.०२ मिमी हवा. तासाला पाच नग मोजले: २५.००, २५.०१, २५.०१, २५.०३, २५.००. सरासरी २५.०१, ठिपका दोन रेघांच्या आत, सगळे खूश. चौथा नग मात्र रिजेक्ट! पाच-पाचच्या सरासऱ्या सुट्या नगांच्या निम्म्याहून कमी पसरतात, म्हणून टॉलरन्सच्या रेघा तिथे फारच ढिल्या पडतात. कापणारे टूल झिजत चालले तरी ठिपका बाहेर जायला फार वेळ लागतो, आणि कारण शोधायची वेळ टळून जाते. (पाचच नग का? बेरीज दुप्पट करून दशांशचिन्ह एक घर सरकवले की सरासरी तयार, ही सोयही त्यात होतीच.)

लिमिट सरासरीपासून तीन सिग्मावर (सिग्मा म्हणजे ठिपके किती पसरतात त्याचे माप) ठेवण्यामागेही गणितापेक्षा व्यवहार जास्त होता: उगाच मशीन थांबवण्याचा खर्च आणि बिघाड नजरेतून सुटण्याचा खर्च यांचा मेळ. ब्रिटिशांनी तीनऐवजी ३.०९ धरले. फरक किरकोळ, वाद मोठा. पुढे १९५६ च्या एका कारखानी पुस्तिकेने ‘सलग आठ ठिपके एकाच बाजूला’ यासारखे नियम जोडले. ते सगळे एकदम लावले, तर काहीही बिघडलेले नसताना सरासरी ९२ ठिपक्यांमागे एकदा खोटी हाक येते. नुसत्या तीन सिग्माला ती ३७० मागे एकदा.

ठिपका फक्त ‘आत्ता बघ’ म्हणतो. काय बघायचे ते कागदी चार्टवरच्या शेऱ्याच्या रकान्यात सापडायचे: ‘इन्सर्ट (टूलचे पाते) बदलला’, ‘नवा लॉट’, ‘दुसरी शिफ्ट’. आता गेजमधले (मोजायच्या उपकरणातले) माप थेट कॉम्प्युटरवर जाते, लिमिट आपोआप निघतात, आणि शेऱ्याची चौकट बहुतेक वेळा रिकामीच राहते.