सिम्युलेटर प्रशिक्षण (गोवा)

सिम्युलेटर प्रशिक्षण : जे काम शिकताना जीव जाऊ शकतो, यंत्र मोडू शकते, किंवा जो प्रसंग उभ्या नोकरीत एकदाच येतो, त्याची परिस्थिती मुद्दाम उभी करून दिलेले शिक्षण. त्याचे आज तीन प्रकार दिसतात. आभासी वास्तवात, म्हणजे सगळे ज्याला व्हीआर म्हणतात त्यात, डोळ्यांवर हेडसेट चढवला की भोवतालची खोली नाहीशी होते आणि दिसते ते सारे संगणकाने रंगवलेले असते. संवर्धित वास्तवात, म्हणजे एआरमध्ये, खरे यंत्र समोरच असते. त्यावर बाण, आकडे, झाकणाआडच्या वायरींचा मार्ग अशा खुणा उमटतात. तिसरा प्रकार सर्वांत जुना : खऱ्या मापाचे कॉकपिट, जहाजाचा कप्पा किंवा हेलिकॉप्टरची केबिन बांधून शिकणाऱ्याला त्यात बसवणे. गोव्यात नौदलाचा हवाई तळ, जहाजबांधणीची गोदी आणि बंदर हे तिन्ही मुरगाव तालुक्यात आहेत, तर दक्षिणेला बेतूल येथे तेल-कामगारांच्या सुरक्षिततेची संस्था आहे. त्यामुळे हा विषय इथे पुस्तकी राहत नाही.

उगम : या विद्येचा आरंभ वाद्यांच्या कारखान्यात झाला. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. १९२९ च्या सुमारास लिंकने ऑर्गनचे भाते वापरून एक छोटे लाकडी विमान डोलते केले. दांडा ओढला की भात्यात हवा कमीजास्त होई आणि खोके कलंडे. चर्चमधला ऑर्गन आणि देवळातल्या भजनाची पेटी या दोन्हींचा भाता ज्याने जवळून पाहिला आहे, त्या गोवेकराला ही करामत समजावून सांगावी लागत नाही. पुढे १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपाल आले, खराब हवेत वैमानिक मरू लागले, आणि लष्कराने लिंकची सहा खोकी विकत घेतली. केवळ उपकरणांकडे पाहून उडायचे शिक्षण जमिनीवर देता येते, हे तेव्हा पटले.

डोक्यावरचा पडदा आला तो १९६८ मध्ये. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँडचा तो संच इतका जड होता की छताला टांगावा लागे. १९८० च्या दशकात अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेने सिमनेट या प्रकल्पात अनेक रणगाड्यांचे सिम्युलेटर तारांनी जोडले. त्यामुळे एकेकट्या चालकाऐवजी सबंध तुकडीला एकत्र शिकवता येऊ लागले. लष्करी दृष्टीने मला हा बदल हेडसेटपेक्षाही मोठा वाटतो. विमानातील वायरींचे जुडगे जोडणाऱ्या कामगारांना मदत व्हावी म्हणून बोईंगमधील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी जे काम केले, त्यातून एआरचे इंग्रजी नाव, म्हणजे ‘ऑगमेंटेड रिअॅलिटी’, रूढ झाले. मोबाईलचे पडदे आणि संवेदक स्वस्त झाल्यावर, २०१२ नंतर, हेडसेट साध्या कारखान्यांच्या आवाक्यात आला.

दाबोळी : आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर विमानवाहू जहाजावरून उडणारी मिग-२९के लढाऊ विमाने असतात आणि त्यांच्या वैमानिकांसाठी सिम्युलेटरही आहे. तळावर आणखी एक गोष्ट आहे, जिला कोणी सिम्युलेटर म्हणत नाही, पण आहे ती तेच. विमानवाहू जहाजाच्या डेकची नक्कल जमिनीवर बांधलेली आहे : पुढे उड्डाणासाठी वर वळलेला उतार, म्हणजे स्की-जंप, मागे विमान अडवणाऱ्या तारा. तेजस विमानाच्या नौदल आवृत्तीने डिसेंबर २०१४ मध्ये इथल्या स्की-जंपवरून पहिले उड्डाण केले; १३ सप्टेंबर २०१९ रोजी तारेत अडकून उतरण्याची चाचणीही इथेच पार पडली. त्यानंतर चार महिन्यांत, ११ जानेवारी २०२० रोजी, तेच विमान समुद्रात आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरले.

इथे नेमके काय शिकायचे असते ते पाहण्यासारखे आहे. धावपट्टीवर चाके टेकली की वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो. वर्षानुवर्षे हाताला तीच सवय लागलेली असते. जहाजावर उलटे. डेकला स्पर्श होताक्षणी जोर पूर्ण वाढवायचा, कारण शेपटीखालचा आकडा तारेत अडकला नाही तर पुढे डेक संपून समुद्रच आहे आणि तेवढ्यात पुन्हा उडावे लागते. हाताची जुनी सवय मोडून नवी बसवण्याचे हे काम व्याख्यानाने होत नाही. आधी सिम्युलेटरमध्ये, मग दाबोळीच्या जमिनीवर, मग समुद्रावर, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षक हवी तेव्हा तार चुकवू शकतो, रात्र पाडू शकतो, पक्ष्यांचा थवा आणू शकतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये दाबोळीहून उडालेले एक मिग पक्षी आदळून वेर्णा परिसरात कोसळले. दोघे वैमानिक सुखरूप बाहेर पडले. त्या काही क्षणांचा सराव खऱ्या विमानात कोणी कोणाला देऊ शकत नाही.

बेतूल : साळ नदीच्या मुखाजवळ ओएनजीसीची सुरक्षा, आरोग्य आणि पर्यावरण व्यवस्थापनाची संस्था आहे. मुंबई हायसारख्या समुद्रातील तेलक्षेत्रांवर कामगार हेलिकॉप्टरने ये-जा करतात, आणि पाण्यात पडलेले हेलिकॉप्टर बहुधा उलटे होते, कारण इंजिने आणि गिअरबॉक्स यांचे वजन छतावर असते. म्हणून समुद्रावर जाणाऱ्याला उलट्या केबिनमधून बाहेर पडण्याचे शिक्षण घ्यावे लागते. केबिनची प्रतिकृती क्रेनला टांगून तलावात सोडतात. पाणी पायांना लागते, कमरेपर्यंत येते, छातीपर्यंत येते. शेवटचा श्वास भरून घ्यायचा आणि केबिन गर्रकन उलटी होते. नाकात पाणी शिरते, वरखाली कळेनासे होते, आणि पहिल्या वेळी जवळपास प्रत्येकाचा हात आधी पट्ट्याकडे जातो. तिथेच चूक होते. पट्टा सोडला की माणूस पाण्यात तरंगून छताला, म्हणजे खरे तर जमिनीला, लागतो आणि खिडकी कुठे होती हे हरवून बसतो. रीत अशी : एक हात आधीपासून खिडकीच्या चौकटीवर, दुसरा पट्ट्याच्या कळीवर, हालचाल थांबेपर्यंत बसून राहायचे, खिडकी ढकलायची, आणि मगच पट्टा सोडून चौकटीवरच्या हाताने स्वतःला बाहेर ओढायचे. पाणबुडे शेजारीच असतात. एवढे माहीत असूनही छाती धडधडते, आणि ती धडधडलीच पाहिजे.

हेडसेटमध्ये हा प्रसंग हुबेहूब दाखवता येतो, पण नाकात पाणी शिरवता येत नाही. आधी हेडसेटवर क्रम पाठ करून घ्यावा, मग तलावात उतरावे, असा मेळ घालता येईल; तलाव बंद करून निव्वळ हेडसेट आणणे मात्र घातक ठरेल, असे मी ठामपणे म्हणेन.

गोदी आणि वेल्डिंग : वास्कोच्या गोवा शिपयार्डने नौदलासाठी जहाजे बांधली, तसे प्रशिक्षणाचे सिम्युलेटरही बांधले. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर नौसैनिक ज्या पोलादी कप्प्यात फुटलेल्या जहाजाचे पाणी थोपवायला शिकतात तो त्यांपैकीच. कप्पा डोलतो, भिंतीच्या भोकांतून पाण्याचे झोत येतात, आणि लाकडी पाचरी ठोकून, टेकू लावून ते अडवावे लागतात.

जहाजबांधणीचा प्राण वेल्डिंग. नवशिक्या मुलाचे पहिले काही महिने पत्रे आणि रॉड खराब करण्यात जातात. वेल्डिंगच्या सिम्युलेटरमध्ये हेल्मेटच्या काचेत पडदा असतो, हातात खऱ्या वजनाचा होल्डर असतो आणि समोर प्लास्टिकचा तुकडा. रॉडचा कोन, पत्र्यापासूनचे अंतर, हाताचा वेग हे तिन्ही यंत्र क्षणोक्षणी मोजते आणि कुठे हात घाईला आला ते रेघेवर दाखवते. जाणता मिस्त्री हे आवाजावरून ओळखतो. चांगल्या आर्कचा, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या ज्योतीचा, चुरचुर आवाज एकसारखा असतो. पण मिस्त्री एक आणि मुले वीस असली की यंत्राचा उपयोग कळतो. तरीही मानेवर पडणारी ठिणगी, धूर, टाकीच्या तळाशी आडवे पडून डोक्यावरचा सांधा भरण्याचे अवघडलेपण, आणि गोव्याच्या एप्रिलमधला घाम यांतले काही त्यात नाही. शेवटी चिपिंग हॅमरने स्लॅग, म्हणजे सांध्यावरची कठीण खपली, झाडून पाहिल्याशिवाय सांधा कसा आला ते कळत नाही.

तारवटी : गोव्याच्या घराघरांतून जहाजावर गेलेल्या तारवटींना सिम्युलेटर नवा नाही. नाविकांच्या प्रशिक्षणाच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारात १९९५ साली दुरुस्त्या झाल्या आणि रडारचे शिक्षण सिम्युलेटरवर देणे अधिकाऱ्यांसाठी बंधनकारक झाले. चाकखोलीची प्रतिकृती, भोवती पडदे, आणि पडद्यावर हवे ते बंदर. आपल्या पाण्याचे धडे असे बसवायला हवेत : पावसाळ्यात आग्वादच्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात आणि बार्ज कुंभारजुवे कालव्याने वळवाव्या लागतात, जून २००० मध्ये रिव्हर प्रिन्सेस हे जहाज वादळी हवेत कांदोळीच्या किनाऱ्याला लागले आणि पुढे बारा-एक वर्षे तिथेच रुतून राहिले. नांगर घसरू लागला हे कशावरून ओळखायचे, हा धडा गोव्याइतका दुसऱ्या कोणी डोळ्यांनी पाहिलेला नसेल.

मर्यादा : डोळ्यांना गती दिसते आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला ती जाणवत नाही, तेव्हा मळमळते. डोके वळवल्यापासून चित्र वळेपर्यंतचा उशीर सुमारे २० मिलिसेकंदांच्या आत ठेवला तर त्रास कमी होतो, पण सगळ्यांचा जात नाही. अमेरिकी लष्कराने मायक्रोसॉफ्टकडून एआर चष्मे घेण्याचा प्रचंड करार केला, तेव्हा चाचण्यांत सैनिकांनी डोकेदुखी आणि मळमळीच्या तक्रारी केल्या. दुसरा धोका चुकीच्या सवयीचा : जिथे मरण नाही आणि ‘पुन्हा’ हे बटण आहे तिथे माणूस बेफिकीर होतो. म्हणून सरावानंतरची चर्चा सरावाइतकीच लांब असावी लागते. भारताच्या संरक्षण मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये सैन्यदलांत सिम्युलेटरचा वापर वाढवण्यासाठी धोरण-चौकट जाहीर केली. यंत्रे तिने येतील, पण कोणता बिघाड कधी घालायचा हे जाणणारा प्रशिक्षक घडवायला वर्षे लागतात. आपल्याकडच्या दमट हवेत हेडसेटच्या भिंगांना बुरशी धरते, हीही क्षुल्लक अडचण नव्हे; कॅमेरा सांभाळणारे जसे सिलिका जेलचा डबा ठेवतात तसा तो ठेवावा लागतो.

भाषा : सत्तरी, पेडणे, डिचोलीच्या गावांतून मराठी शाळेत शिकून आयटीआयला आलेल्या मुलाच्या कानात हेडसेट इंग्रजीत सूचना देतो. हात कुठे ठेवायचा हे समजून घेण्याऐवजी तो शब्द समजून घेण्यात गुंततो, आणि मग प्रशिक्षक त्याच्या खांद्यामागे उभा राहून “अरे, हात जरा मागे घे, सावकाश” असे मराठीत किंवा कोकणीत सांगत राहतो. या यंत्रांत सर्वांत स्वस्त काय असेल तर तो आवाज. तो शिकणाऱ्याच्या भाषेत ध्वनिमुद्रित करायला एक जाणता मिस्त्री आणि दोन दिवस पुरतात, आणि यंत्र विकत घेतानाच ही अट घालायला हवी.