बॉम्बवाला गेम आला कुठून

इंदूरला रामबागेत काकांचं डीटीपीचं दुकान होतं, ९५-९६ ची गोष्ट, कॉम्प्युटर एकच आणि लग्नपत्रिकांचा सीझन संपला की दुपारी आम्ही सगळी भावंडं त्याच्यावर तुटून पडायचो. मायनस्वीपर हे नाव कोणी घेत नसे, बॉम्बवाला गेम म्हणायचो. झाकलेली घरं एकेक उघडत जायची, उघडलेल्या घरातला आकडा सांगतो शेजारी किती सुरुंग आहेत, आणि सुरुंगावरच क्लिक केलं की खेळ खल्लास. राइट क्लिक मी तिथेच शिकलो, सुरुंग असेल असं वाटलं त्या घरावर झेंडे लावता लावता.

तेव्हा वाटायचं की हा विंडोजबरोबरच जन्मलाय. पण धोका दिसत नाही, त्याच्या शेजारच्या जागेला मात्र त्याची खबर असते, ही मूळ आयडिया बरीच जुनी आहे. १९७३ मध्ये ग्रेगरी योबने हंट द वम्पस लिहिला, नुसता अक्षरांचा गेम, चित्र एकही नाही. २० गुहा, प्रत्येकीतून तीन वाटा, कुठे खड्डा, कुठे वटवाघळं आणि कुठेतरी तो वम्पस नावाचा राक्षस. शेजारी खड्डा असला तर कॉम्प्युटर सांगणार की वारा लागतोय, वम्पस असला तर वास येतोय, आणि त्यावरून आपण कागदावर नकाशा काढत बसायचं. मला तर खरा पूर्वज हाच वाटतो.

मग १९८३ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर इयान अँड्र्यूचा माइन्ड-आउट आला, त्यात वाऱ्याच्या जागी आकडा आला, शेजारी किती सुरुंग आहेत त्याचा. १९८५ च्या रिलेंटलेस लॉजिकमध्ये एक सैनिक सुरुंगांतून वाट काढत एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जातो. या दोन्हींत आपण चालत असतो, म्हणजे आपण उभे आहोत तिथूनच पुढचा विचार करायचा.

मायक्रोसॉफ्टमधल्या रॉबर्ट डॉनर आणि कर्ट जॉन्सन यांच्या मायनस्वीपरमध्ये (१९९० चा एंटरटेनमेंट पॅक, म्हणजे विंडोजसाठीचा गेम्सचा संच) चालणारा माणूसच नाही, अख्खा बोर्ड एकदम समोर. मला सगळ्यात मोठा बदल हाच वाटतो, कारण एका जागी अडलं तर ती सोडून दुसरीकडून घुसता येतं आणि तिकडून मिळालेली माहिती घेऊन परत इकडे येता येतं, आमचा मोठा दादा तर "अरे सोड ना ते, खालून ये" हेच ओरडत असायचा. १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर रिव्हर्सी या सोंगट्यांच्या गेमच्या जागी हा गेम आयताच मिळायला लागला आणि मग घरोघरी, ऑफिसांत पोचला.

एक्सपर्ट लेव्हलला ४८० घरं आणि ९९ सुरुंग, म्हणजे साधारण दर पाच घरांमागे एक. बिगिनरला नंतर ८१ घरांत १० झाले, आठांत एक. सगळा फरक या दाटीचा आहे. आणि त्या दाटीतच शेवटी दोन घरं उरतात, सुरुंग एकच, आकडे काहीच सांगत नाहीत. आम्ही भांडायचो की हुशार माणसाला हे नक्की सुटत असणार, पण तसं नाहीये, तिथे माहितीच नसते, अंदाजच मारावा लागतो.

सुटण्यासारखं असलं तरी ते सोपं असतं असंही नाही, आणि ही भानगड वेगळी आहे. बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या रिचर्ड के यांनी २००० मध्ये दाखवलं की अर्धवट उघडलेला बोर्ड दिला आणि विचारलं की या आकड्यांना बसेल अशी सुरुंगांची एक तरी मांडणी आहे का, तर हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे उत्तर हातात दिलं तर पटकन तपासता येतं, पण ते शोधायची झटपट पद्धत अजून कोणाला माहीत नाही. त्यांनी आकड्यांच्या ओळींतून वायरी आणि लॉजिक गेट्स (कॉम्प्युटरच्या सर्किटचे मूळ तुकडे) बनवली, म्हणजे बोर्डवर अख्खं सर्किट मांडता येतं! कितीही मोठ्या बोर्डवर झटपट चालेल अशी पद्धत कोणाला सापडली तर पी बरोबर एनपी (उत्तर पटकन तपासता येतं असा प्रत्येक प्रश्न पटकन सोडवताही येतो का) हा प्रश्नच सुटेल, ज्यावर क्ले या गणिताच्या इन्स्टिट्यूटचं दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे. हे वाचलं तेव्हा मला त्या दुपारच्या भांडणांबद्दल खरंच अभिमान वाटला.

२०१२ च्या विंडोज ८ पासून गेम आयता येणं बंद झालं. आता काकांच्या फोनवर मी सायमन टॅथमच्या पझल्स या कोड्यांच्या संचातला माइन्स (हाच गेम) टाकून दिलाय, त्यात पहिल्या क्लिकनंतर अंदाज न मारता सुटेल असाच बोर्ड बनतो. काका रोज सकाळी पोह्यांबरोबर एक तरी सोडवतात.