आषाढातली दशमी, हेमिसचा उत्सव आणि मारखा खोऱ्याचा ट्रेक

लडाखमधल्या हेमिस गोंपाचा (बौद्ध मठाचा) 'त्सेचू' उत्सव तिबेटी पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या दहाव्या तिथीला सुरू होतो आणि दोन दिवस चालतो. ही दहावी तिथी म्हणजे शुक्ल दशमी. गंमत अशी, की बऱ्याच वर्षी ती आपल्या आषाढी एकादशीच्या अगदी आदल्या दिवशी येते. २०१६ साली हेमिसचा उत्सव १४ आणि १५ जुलैला होता, आषाढी १५ जुलैला. २०२३ साली उत्सव २८ आणि २९ जूनला, आषाढी २९ जूनला. २०२५ साली उत्सव ५ आणि ६ जुलैला, आषाढी ६ जुलैला. पंढरपुरात वारकरी दाखल होत असतात त्याच सुमारास हेमिसच्या अंगणात गुरू पद्मसंभवांच्या जन्मोत्सवाचे लांब कर्णे वाजू लागतात.

पण हे दर वर्षी जुळेलच असं नाही. दोन्ही पंचांगं चांद्र-सौर आहेत. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी पडतात, आणि ती तूट भरायला दोन्हीकडे अधिक महिना घालतात. तो नेमका कधी घालायचा याचं गणित मात्र वेगळं आहे. आपला अधिक श्रावण २०२३ मध्ये येऊन गेला. तिबेटी पंचांगात त्या वर्षी अधिक महिना आलाच नाही. त्यामुळे २०२४ साली हेमिसचा उत्सव १६ जूनलाच, म्हणजे ज्येष्ठातल्या दशमीला झाला, आणि आषाढीला अजून महिना बाकी होता.

हा एका महिन्याचा फरक मारखा खोऱ्यातून चालणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. हा ट्रेक चिलिंगजवळ सुरू होतो, मारखा नदीच्या काठाने वर चढतो, सुमारे ५२०० मीटर उंचीची कोंगमारू ला ही खिंड ओलांडतो आणि शांग सुमदोला, म्हणजे हेमिसजवळच, उतरतो. त्यामुळे ट्रेक आणि उत्सव जोडून घेण्याचा मोह होणं साहजिक आहे. उत्सव जूनच्या मध्यावर आला तर खिंडीवर हिवाळ्यातलं बर्फ शिल्लक असतं, पण नदी आवाक्यात असते. जुलैत आला तर खिंड बहुधा मोकळी मिळते, पण नदी भरलेली असते. म्हणून आधी तिथी बघायची, आणि त्या वर्षी गाठ बर्फाशी आहे की पाण्याशी, हे ठरवून तयारी करायची.

मुळात इथे पाऊस इतका कमी का, हे थोडक्यात. मोसमी वारे दक्षिणेकडून हिमालय चढताना थंड होतात आणि जवळजवळ सगळं बाष्प त्या उतारांवर टाकून देतात. मुख्य रांगेच्या पलीकडे उतरताना हवा दाबली जाऊन तापते आणि आणखी कोरडी होते. लेहमध्ये वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास भरतो. महाबळेश्वरात आषाढातल्या एका जोरदार दिवसात तेवढा पडतो. उतारांवर झाडं नाहीत, मुळं नाहीत, माती सुटी आहे. म्हणून क्वचित पडणारा मोठा पाऊस इथे भयंकर ठरतो. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेह परिसरात झालेल्या ढगफुटीत दोनशेहून जास्त माणसं दगावली. अरुंद घळीत असताना वर ढग दाटले, तर घळीत मुक्काम टाकायचा नाही, एवढा नियम कायम पाळावा.

सह्याद्रीत ओढा चढतो तो पावसाने. मारखात पाणी चढतं निरभ्र उन्हाने. सकाळी ऊन बर्फावर पडलं की काही तासांनी वितळलेलं पाणी प्रवाहात येतं. खिंडीखालच्या निमलिंग मुक्कामासारख्या बर्फाजवळच्या जागी दुपारी उशिरा ते सर्वांत जास्त असतं आणि पहाटे सर्वांत कमी. 'नदी नेहमी सकाळी ओलांडावी' हा सल्ला यातूनच आला. पण तो खोऱ्याच्या खालच्या टप्प्यात तंतोतंत लागू पडत नाही, कारण तोच लोंढा वीस-पंचवीस किलोमीटर खाली यायला कित्येक तास घेतो. दुपारी वर वितळलेलं पाणी खालच्या स्किउ गावाच्या बाजूला रात्री पोचतं, आणि सकाळी लवकर गेलात तर त्याचा शेवटचा भाग अजून वाहत असू शकतो. अशा वेळी घड्याळ सोडून काठाचे दगड पाहावेत. पाण्याच्या रेषेच्या वर ओलसर पट्टा दिसत असेल तर पाणी उतरतंय. तासभर थांबलात तर फायदाच आहे. कोरडे दगड एकेक करून बुडत असतील तर पाणी चढतंय, आणि थांबण्याने परिस्थिती बिघडणार आहे.

बऱ्याच ठिकाणी आता पूल आहेत, पण पुरात ते वाहूनही जातात. पाण्यात उतरावंच लागलं तर पात्र जिथे सर्वांत रुंद आहे आणि प्रवाह फाटे फोडून वाहतो तिथे उतरावं. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथेच पाणी खोल आणि वेगवान असतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. पाठपिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवायचे, म्हणजे पडलात तर ती झटकून टाकता येते. मोजे काढायचे, पण अनवाणी उतरायचं नाही. मागे पट्टा असलेली सँडल घालायची, कारण बर्फाच्या पाण्यात पाय लवकरच बधिर होतात आणि दगडाची धार कळत नाही. तोंड प्रवाहाच्या उगमाकडे, काठी समोर टेकलेली, आणि एका वेळी तीन आधारांपैकी एकच हलवायचा. पाणी मांडीवर चढू लागलं की मागे फिरायचं. अंगाला दोर बांधून ओलांडायचं नाही. पडल्यावर ताणलेला दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

आता हवेकडे. समुद्रसपाटी असो की खिंड, हवेत ऑक्सिजनचं प्रमाण जवळपास २१ टक्केच असतं. कमी होतो तो दाब. लेह ३५०० मीटरवर आहे आणि तिथे दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो. कोंगमारू लावर ५२ टक्के. फुप्फुसात शिरलेली हवा ओलसर होते आणि त्या बाष्पाचा दाब कोणत्याही उंचीवर ४७ मिलिमीटर पाराच असतो. एकूण दाब ७६० असताना हा वाटा किरकोळ ठरतो. खिंडीवर एकूण दाबच ३९५ च्या आसपास असल्यामुळे तो जाणवण्याइतका मोठा होतो, आणि श्वासातून मिळणारा ऑक्सिजन मुंबईच्या तुलनेत निम्म्याच्याही किंचित खाली जातो.

शरीराचा पहिला उपाय म्हणजे जोरात श्वास घेणं. त्याने ऑक्सिजन वाढतो, पण कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. रात्री श्वास काही सेकंद थांबून मग धापेसह परत सुरू होतो, तो यामुळेच. तोडगा मूत्रपिंडं काढतात: ती बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून रक्ताचं संतुलन परत आणतात. या कामाला दिवस लागतात, आणि तुम्ही राजगडावर किती वेगाने चढता याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. तंदुरुस्त तरुणांना त्रास होतो तो बहुधा याच गैरसमजातून. ॲसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडांचं हेच काम लवकर सुरू करून देते. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. पण डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगून. बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरू नये.

३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा मान्य नियम आहे. विमानाने थेट लेहला उतरणारा माणूस तो पहिल्याच तासात मोडतो, म्हणून लेहमध्ये तीन रात्री हव्यातच. पुढे स्किउ ३४०० मीटर, मारखा गाव ३७७०, हंकार ४०००, थाचुंगत्से ४२५० आणि निमलिंग ४८००, असे मुक्काम केले तर शरीर बहुतेक वेळा साथ देतं. रस्ता आता खोऱ्यात बराच आत शिरला आहे, आणि गाडीने वरपर्यंत जाऊन एक-दोन मुक्काम वाचवण्याची टूम निघाली आहे. वाचवलेले हे दिवस निमलिंगला डोकेदुखी आणि उलट्यांच्या रूपात वसूल होतात.

उत्सव ट्रेकच्या शेवटी ठेवला की धोका वाढतो, तो नेमका इथे. तिथी हलत नाही. मग कुणाचं डोकं दुखत असलं तरी 'उद्या खिंड ओलांडलीच पाहिजे, नाहीतर हेमिस चुकेल' असं म्हणत गट पुढे रेटला जातो. निमलिंगहून खिंडीपर्यंत अजून चारशे मीटर चढ आहे. आजारी माणसाला पलीकडे उतरवण्यासाठी आधी वर न्यावं लागतं. विश्रांतीतही धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, किंवा एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचं बोट लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू लागलं आहे असं समजायचं, आणि त्याच क्षणी, रात्र असली तरी, आलेल्या वाटेने थाचुंगत्सेकडे आणि गरज पडली तर आणखी खाली उतरवायचं.

म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे: आधी हेमिस, मग मारखा. गोंपा ३६०० मीटरच्या आसपास, लेहपासून गाडीने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. उंचीची सवय होण्यासाठी लेहमध्ये थांबायचंच आहे, त्यात तिसरा आणि चौथा दिवस उत्सवाला द्यावा. ट्रेक संपवूनच हेमिसला पोचायचं असेल तर उलटं मोजावं आणि दशमीच्या किमान दहा दिवस आधी लेहला उतरावं. त्यात एक दिवस राखीव राहतो.

निमलिंगच्या तंबूतली एक अडचण स्वयंपाकाची. तिथे पाणी ८४ अंशांना उकळतं. डाळ उघड्या पातेल्यात तासन्‌तास खदखदते आणि शिजत नाही. कुकर नेला तरी तो बाहेरच्या दाबावर ठरावीक दाबच चढवतो, त्यामुळे आत घरच्यासारखं १२० अंशांपर्यंत तापमान जात नाही, ११२ च्या आसपास राहतं. चार शिट्ट्या जास्त धरून चालावं, आणि डाळ दुपारीच भिजत घालावी. पिण्याच्या पाण्याला मात्र ८४ अंश पुरतात. तीन मिनिटं खळखळून उकळलं की जंतू मरतात. क्लोरीनच्या गोळ्या वापरणाऱ्यांनी गढूळ पाणी आधी तासभर निवळू द्यावं आणि थंड पाण्यात गोळीला दुप्पट वेळ द्यावा.

खिंडीच्या दिवशी पहाटे साडेपाचला निघावं. जूनमध्ये त्या वेळी बर्फाचा थर घट्ट असतो. दहानंतर पाय गुडघ्यापर्यंत आत जातात. बर्फ निम्म्याहून जास्त अतिनील किरणं परतवतं, त्यामुळे बाजूने झाकलेला गॉगल आणि नाकपुड्यांखाली, हनुवटीखाली सनस्क्रीन हवंच. लवकर निघण्याचं दुसरं कारण पलीकडे आहे: चोगडो गावाकडे उतरणारी घळ अरुंद आहे, प्रवाह पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो आणि दुपारी तो फुगतो. घळीतल्या काही ओहोळांचं पाणी खनिजांनी लालसर दिसतं, ते पिऊ नये. दिवसभराचं पाणी निमलिंगहून भरून घ्यावं.

आणि हेमिसचं अंगण. जाड किनखाबी झगे आणि मोठे मुखवटे घालून लामा 'छाम' नाचतात. गिरक्या संथ असतात, पण त्या उन्हात तासन्‌तास चालतात. नुकताच लेहला आलेला माणूस गोंपाच्या पायऱ्या चढून धापा टाकतो. मग त्यांना हे कसं जमतं? आयुष्यभराची सवय आणि सराव आहेच, शिवाय वारसा आहे. आपण उंचीवर राहिलो तर काही आठवड्यांत हिमोग्लोबिन वाढतं, रक्त दाट होतं आणि हृदयावर ताण येतो. तिबेटी पठारावरच्या लोकांत ईपीएएस-१ या जनुकाचं एक रूप सर्रास आढळतं. ते ही वाढ आवरतं, त्यामुळे त्यांचं हिमोग्लोबिन ४००० मीटरवरही सखल भागातल्या माणसांच्या जवळपास राहतं. २०१० मध्ये हे जनुक पुढे आलं आणि २०१४ मध्ये कळलं की त्याचं हे रूप डेनिसोवन या लुप्त मानवगटाकडून आलं आहे. लडाखी लोकांचे पूर्वज बऱ्याच अंशी याच पठारावरचे.

अंगणात सकाळी लवकर जागा धरावी, सावलीची बाजू निवडावी, टोपी आणि दोन लिटर पाणी सोबत ठेवावं. नर्तकांच्या वर्तुळात पाय टाकू नये. चोर्टेन (छोटे स्तूप) आणि मणी-भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) उजव्या हाताला ठेवून चालावं; हे वाटेतल्या प्रत्येक गावातही लागू आहे. दर बारा वर्षांनी, वानर वर्षात, पद्मसंभवांचा मोठा थांगका, म्हणजे कापडावरचं धार्मिक चित्र, उलगडतात. मागच्या खेपेला तो २०१६ साली उलगडला होता, पुढचं वानर वर्ष २०२८. त्या वर्षी लेहमध्ये खोली आणि चिलिंगला जायला गाडी आयत्या वेळी मिळणं कठीण, तेव्हा तिथी जाहीर होताच दोन्ही ठरवून टाकावं.