तिळा तिळा, दार उघडू नको

तिळाचं बोंड वाळलं की टोकाकडून चिरतं आणि आतले दाणे मातीत सांडतात. रानटी झाडाला हे सोयीचं, पिकाला मात्र हीच सवय भोवते. हडप्पाच्या उत्खननात जळून गोळा झालेले तीळ मिळाले, म्हणजे माणूस हे पीक किमान चार हजार वर्षं घेतोय. एवढ्या काळात गव्हाची गळ काबूत आली, तिळाची नाही. तीळ किती पिकेल, या अंदाजाची कटकट इथूनच सुरू होते.

त्यात झाड खालून वर फुलत जातं. बुडाची बोंडं तडकायला आली तरी शेंड्याला फूल असतं. कापणी लवकर केली तर वरचे दाणे पोचट, चार दिवस थांबलं तर खालचे मातीत. म्हणून पेंढ्या उभ्या वाळवायच्या आणि मग उलट्या धरून झटकायच्या, ही रीत अजून बहुतेक ठिकाणी टिकून आहे. १९४३मध्ये व्हेनेझुएलात तिळाचे पैदासकार डी. जी. लँगहॅम यांना बोंड न फुटणारं झाड सापडलं, तेव्हा प्रश्न सुटलासं वाटलं. पण ती बोंडं मळायलाच जड, आणि उत्पन्नही कमी. तडकूनही दाणे धरून ठेवणारे, यंत्राने कापता येणारे वाण यायला पुढे कित्येक वर्षं गेली.

साधा हिशेब करू. दोन ओळींत ४५ आणि दोन झाडांत १५ सेंटीमीटर अंतर ठेवलं, तर हेक्टरी १ लाख ४८ हजार झाडं बसतात. झाडाला ४० बोंडं, बोंडात ६० दाणे आणि हजार दाण्यांचं वजन ३ ग्रॅम धरलं, तर हेक्टरी हजार किलोच्या वर तीळ व्हायला हवेत. जगाची सरासरी मात्र ५०० किलोच्या आसपास घुटमळते. उरलेलं वेगवेगळ्या वाटांनी जातं. बी इतकं बारीक की पेरणीनंतर सर आली आणि जमीन थापली, तर कोंब वर येत नाही. विरळणी राहिली तर दाटीत झाडं काडीसारखी वाढतात. फुलोऱ्यात पारा चाळिशीपार गेला की फुलं गळतात. आणि पाणी! तीळ कोरडं सोसतो, पण दोन-तीन दिवस मुळाशी पाणी साचलं की उभं पीक माना टाकतं. त्यामुळे ‘पाऊस चांगला, पीक चांगलं’ हे समीकरण तिळाला लावता येत नाही.

अंदाजाचं शास्त्र वाढलं ते दुसऱ्याच पिकांवर. आपल्याकडे पूर्वी आणेवारी होती. शेत नजरेखालून घालून सोळा आण्यांपैकी किती, ते सांगायचं. १९२३ ते १९२५ दरम्यान ब्रिटिश अधिकारी हबॅक यांनी बिहार-ओरिसात भाताची शेतं यादृच्छिक निवडून तुकडे कापून पाहिले. चाळीसच्या दशकात संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत पक्की केली. तिकडे इंग्लंडात १९२४मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी गव्हावर दाखवलं, की एकूण पावसाइतकंच तो हंगामात कधी पडला यालाही महत्त्व आहे. माझ्या मते तिळाला यातलं सर्वांत उपयोगी तेच. कारण पेरणीनंतरचा आठवडा आणि कापणीचा आठवडा हंगामाच्या बेरजेत बुडून जातात. १९७०नंतर लोकप्रिय झालेली कालमालिकेची ‘अरिमा’ प्रारूपं मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काढतात. पण तिळाचं क्षेत्रच दरवर्षी हलतं. मुख्य पीक साधलं नाही की उरलेल्या रानात तीळ, हा अनेकांचा शिरस्ता.

१९७४मध्ये अमेरिकेने उपग्रहावरून पिकाचा अंदाज घ्यायचा मोठा प्रयोग सुरू केला, तोही गव्हावर. तिळाच्या पट्ट्या लहान, बऱ्याचदा आंतरपिकातल्या. त्यातून पर्णगुच्छ रोग घ्या. तुडतुड्यांनी पसरणाऱ्या फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवामुळे फुलांची पानं होतात, झाड गच्च हिरवं राहतं आणि बोंड एक धरत नाही. वरून पाहणाऱ्याला ते हिरवंच.

सुदानचं गेदारेफ हे तिळाचं मोठं कोरडवाहू क्षेत्र. एप्रिल २०२३मध्ये त्या देशात युद्ध पेटलं. कापणीला मजूर मिळणार का, माल बंदरावर पोहोचणार का, हे पाऊस-तापमानाच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.