नाव न घेता ओळखलेली माणसं

माझ्या आजीने आजोबांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. 'इकडून', 'हे', फार तर 'बाळ्याचे वडील'. तरी ती कोणाबद्दल बोलतेय हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. नाव सोडून बाकी सगळं सांगितलं की माणूस ओळखू येतोच, हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध झालेलं आहे.

आता पावलं मोजणारं घड्याळ घ्या किंवा आरोग्याचं एखादं ॲप. 'तुमची माहिती नाव काढून, निनावी स्वरूपात वापरली जाऊ शकते' असं वाक्य त्याच्या अटींत बहुतेक वेळा असतं. ते वाचून आपण निर्धास्त होतो आणि 'मान्य आहे' दाबतो. या वाक्यावर इतका विश्वास टाकू नये, असं मला कळकळीने वाटतं. त्यामागे साधं गणित आहे.

नाव काढलं, पण पिनकोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष एवढं ठेवलं, असं समजा. (१५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेला पिनकोड ही श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची, संस्कृत कवीची देणगी.) एका पिनकोडात ५० हजार माणसं राहतात असं धरू. ८० वर्षांचे दिवस होतात सुमारे २९,२००. दर दिवसाला दोन कप्पे, एक बायकांचा, एक पुरुषांचा. म्हणजे ५८,४०० कप्पे. माणसांपेक्षा कप्पेच जास्त! सगळ्यांचे जन्म सारखे विखुरलेले असते, तर शंभरातली चाळीसेक माणसं आपापल्या कप्प्यात एकटीच बसलेली सापडली असती. ज्याच्याकडे नावांसकट दुसरी एखादी यादी आहे, त्याने दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या, की नाव परत आलं.

प्रत्यक्षात जन्मतारखा इतक्या सारख्या पसरलेल्या नसतात, आणि आपल्याकडे तर १ जून आहेच. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून टाकायचे. त्यामुळे जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस कागदावर एकाच दिवशी येतो. गुरुजींना कल्पना नसेल, पण त्यांनी या लोकांना गर्दीत लपायला जागा करून दिली. संगणकशास्त्रात याच कल्पनेला 'के-ॲनॉनिमिटी' म्हणतात: यादीतली कुठलीही नोंद निदान 'के' जणांना सारखीच लागू पडली पाहिजे, म्हणजे नेमकं बोट कोणावर ठेवता येणार नाही.

ही कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक म्हणजे लताना स्वीनी. १९९७च्या सुमारास त्या अमेरिकेतल्या एमआयटीत शिकत होत्या. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय नोंदी नावं काढून संशोधकांना खुल्या केल्या होत्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना ग्वाही दिली होती की यातून कोणीही ओळखू येणार नाही. वेल्ड त्याच राज्यातल्या केंब्रिज शहरात राहायचे. स्वीनींनी २० डॉलरला त्या शहराची मतदारयादी विकत घेतली. वेल्ड यांच्या जन्मतारखेचे शहरात सहा जण निघाले, त्यांतले पुरुष तीन आणि वेल्ड यांच्या पिनकोडातला एकच. गव्हर्नरांचे वैद्यकीय कागद स्वीनींनी त्यांच्याच कार्यालयात पाठवून दिले.

या तीन गोष्टींवरून ८७ टक्के अमेरिकन ओळखता येतील, असा अंदाज त्यांनी २००० साली मांडला. २००६मध्ये फिलिप गोल यांनी हिशेब पुन्हा केला, तेव्हा आकडा ६३ टक्क्यांवर आला. तोही काही थोडा नाही.

आणि ही गोष्ट खिशात फोन नव्हता तेव्हाची. २०१३ साली एका युरोपीय देशातल्या १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या गेल्या. माणूस कुठल्या वेळी कुठल्या टॉवरपाशी होता, अशा फक्त चार नोंदींवरून ९५ टक्के लोक एकमेकांपासून वेगळे काढता आले. विचार केला तर पटतं. रात्री डोंबिवलीत एका ठरावीक इमारतीत आणि दुपारी लोअर परळच्या एका ठरावीक मजल्यावर असणारी माणसं असतील किती? त्यातून दर गुरुवारी संध्याकाळी एखाद्या दवाखान्यात जाणारी? तो दवाखाना कसला आहे हेही मग कळतं, आणि खरी काळजी तिथेच आहे.

कायद्याचं काय? अमेरिकेत पुढे आरोग्याच्या माहितीसाठी जे नियम आले, त्यांच्या एका पर्यायी पद्धतीत जन्मतारखेतलं फक्त वर्ष ठेवता येतं आणि पिनकोडाचे जास्तीत जास्त पहिले तीन आकडे. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पण २०१९च्या विधेयकातलं एक कलम वाटेत गळलं. नाव काढलेल्या माहितीतून परवानगीशिवाय पुन्हा माणूस शोधून काढणं हा त्यात गुन्हा होता, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. २०२३च्या कायद्यात असा स्वतंत्र गुन्हा नाही. ते कलम परत यायला हवं. मात्र प्रामाणिक संशोधकांना सूट ठेवूनच, नाहीतर उद्याच्या स्वीनीच आधी तुरुंगात जातील.

गणिताकडेही एक उपाय आहे आणि तो मला फार आवडतो. कॉलेजात २०० मुलांना विचारायचंय, तंबाखू खाता का? खरं कोण सांगणार? मग प्रत्येकाने कोणाला न दाखवता नाणं उडवायचं. छापा आला तर खरं उत्तर द्यायचं, काटा आला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं. समजा १३० 'हो' आले. त्यांतले साधारण १०० नाण्यामुळे आलेले. उरलेल्या, खरं बोललेल्या शंभरांत ३० 'हो'. म्हणजे सुमारे ३० टक्के मुलं तंबाखू खातात. आकडा हाती आला, पण 'हो' म्हणणाऱ्या कुठल्याही एका मुलाकडे बोट दाखवता येत नाही. अशा युक्तीचं मूळ स्टॅन्ले वॉर्नर यांनी १९६५ साली मांडलं. २००६मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी 'डिफरन्शियल प्रायव्हसी' नावाची पक्की गणिती चौकट दिली. उत्तरात मुद्दाम थोडी मोजूनमापून चूक मिसळायची, इतकी की एक माणूस यादीत असला काय आणि नसला काय, निकालात जवळपास फरक पडू नये.

अमेरिकेने २०२०च्या जनगणनेत हे केलं, आणि लगेच अलाबामा राज्य कोर्टात गेलं, आमचे आकडे बिघडवले म्हणून. तो दावा टिकला नाही, पण तक्रारीत तथ्य आहे. शहराच्या लाखाच्या आकड्यात पाच-सात इकडेतिकडे झाले तर काही अडत नाही. चाळीस उंबऱ्यांच्या पाड्यावर कुपोषित मुलं चार की सात, यावर मात्र अंगणवाडीत किती आहार पोहोचायचा हे ठरतं. आणि त्याच पाड्यावर एखाद्या जातीचं एकच घर असेल, तर अचूक तक्ता छापणं म्हणजे त्या घराचं दार सताड उघडं टाकणं. मिसळायची चूक किती, हे गणित सांगत नाही, ते माणसांनीच ठरवायचं असतं. २०२७ची जनगणना आपली पहिली डिजिटल जनगणना आहे आणि तिच्यात जातीही नोंदवल्या जाणार आहेत. लहान वस्त्यांचे तक्ते कसे छापायचे, याची चर्चा ते छापून झाल्यावर सुरू झाली तर उपयोग नाही.