मांजराला दार कळत नाही, हँडल कळतं

हल्लीच्या फ्लॅटमधे बेडरूमला जे आडवं हँडल बसवलेलं असतं ना, खाली दाबलं की लॅच सरकतो आणि दार उघडतं ते, ते मांजराला समोर बसवून, विचारून बनवलंय की काय असं वाटावं इतकं तिच्या सोयीचं आहे. आणि हा निव्वळ योगायोग पण नाही. ज्यांच्या हातात पकड नाही, संधिवात आहे, बोटं वळत नाहीत त्यांना दार उघडता यावं म्हणून बऱ्याच ठिकाणी गोल नॉब जाऊन अशी हँडल्स आली. अमेरिकेत १९९० ला अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला, त्याच्याखाली जे नियम आले त्यात दाराच्या हँडलबद्दल स्पष्ट लिहिलंय की ते एका हाताने चालवता आलं पाहिजे, घट्ट धरावं लागू नये, चिमटीत पकडावं लागू नये, मनगट पिळावं लागू नये आणि जोर ५ पौंडांपेक्षा जास्त लागू नये, म्हणजे साधारण सव्वादोन किलो. साध्या भाषेत, मूठ मिटलेली असली तरी दार उघडलं पाहिजे.

आता मांजराचा पंजा म्हणजे काय तर अंगठा नसलेली मिटलेली मूठच की. आणि वजन चार किलो. आजीला जे सोयीचं तेच मांजराला सोयीचं, त्यामुळे आपली मांजर फार हुशार आहे असं म्हणायच्या आधी जरा हँडलकडे पण बघा.

आमची ठमी हे कसं करते ते मी जवळून पाहिलंय. आधी दारासमोर बसते, मान वर, शेपटीचं फक्त टोक हलतंय. मग मागच्या दोन पायांवर उभी राहते, एक पंजा दाराला टेकवते आणि दुसरा हँडलवर टाकून आकड्यासारखा अडकवते, आणि मग स्वतःचं अंग सोडून देते, बस. जोर लावणं वगैरे काही नाही, नुसतं वजन. गंमत म्हणजे पंजा ती कायम हँडलच्या टोकाकडे टाकते, जिथून ते फिरतं त्या खुंटीच्या बाजूला नाही. शाळेत तरफ शिकलो होतो तेच, टेकूपासून जितकं लांब तितका कमी जोर पुरतो. चार किलोचं मांजर टोकाला लटकलं की स्प्रिंग सहज हरते, पण अगदी खुंटीजवळ लटकलं तर बहुतेक वेळा नाही. ठमीला तरफ माहितीये का? नाही. टोकाला लटकल्यावर दार उघडलं, खुंटीजवळ लटकल्यावर नाही उघडलं, एवढंच तिच्या हिशेबात राहिलं. आणि कुत्र्यांपेक्षा मांजरांना एक गोष्ट जास्त जमते ती म्हणजे पुढचा पंजा आत वळवणं, झाडावर चढायला आणि उंदीर धरायला लागतं ते, त्यामुळे त्यांना आकडा करता येतो, कुत्र्याला बिचाऱ्याला तो तितका जमत नाही.

मांजराला दार खरंच कळतं की नुसतं जमतं, हा वाद तसा नवीन नाहीये. डार्विनचे मित्र जॉर्ज रोमेन्स यांनी १८८२ मधे प्राण्यांच्या बुद्धीवर पुस्तक लिहिलं त्यात त्यांच्या घोडागाडीवाल्याच्या मांजरीचा किस्सा आहे. त्या दाराला अंगठ्याने दाबायची कडी होती, मांजर उडी मारून एका पंजाने खालच्या कमानीला लटकायची, दुसऱ्या पंजाने वरची पट्टी दाबायची आणि मागच्या पायांनी चौकटीला रेटून दार ढकलायची. रोमेन्स म्हणाले की माणसं असं करतात हे हिने पाहिलंय आणि दार कसं चालतं याची हिला पक्की कल्पना आहे.

सोळा वर्षांनी, १८९८ मधे, एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराने हे सगळं उधळून लावलं. हा आधी हार्वर्डला असताना प्रोफेसर विल्यम जेम्स यांच्या घराच्या तळघरात कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करायचा, मग कोलंबिया विद्यापीठात आला आणि फळ्या ठोकून खोके बनवले. आत भुकेलं मांजर, बाहेर माशाचा तुकडा, दार उघडायला कुठे दोरी ओढायची, कुठे फळी दाबायची, कुठे खिट्टी फिरवायची. पहिल्यांदा मांजर आत चावायचं, ओरबाडायचं, फटीतून पाय बाहेर काढायचं, आणि या गोंधळात कधीतरी चुकून दोरीला पंजा लागायचा की दार उघडायचं. मग परत आत, परत वेळ मोजायचा.

त्यातल्या एका मांजराचे सगळ्यात सोप्या खोक्यातले आकडे मला फार आवडतात. पहिल्यांदा १६० सेकंद लागले, दुसऱ्यांदा ३०, आणि तिसऱ्यांदा परत ९०, मग ६०, मग १५, मग २८ असं वर खाली होत होत शेवटी सहा सात सेकंदांवर येऊन थांबलं. आता विचार करा, दुसऱ्या वेळी ३० सेकंदात सुटताना त्याला "अच्छा, दोरी ओढली की दार उघडतं" हे कळलं असतं तर तिसऱ्यांदा ९० सेकंद कशाला लागले असते? कळणं असं उतरत उतरत येत नाही. थॉर्नडाइक म्हणाला इथे कुठलाही लख्ख उजेड पडत नाहीये, ज्या हालचालीनंतर चांगलं काही होतं ती पक्की होत जाते, बाकीच्या गळून पडतात. पुढे याला परिणामाचा नियम म्हणायला लागले आणि आजचं बरंचसं प्राणीप्रशिक्षण त्याच्यावरच उभं आहे.

याहून भारी प्रयोग म्हणजे काही खोक्यांत त्याने दाराला काहीच जोडलं नव्हतं, मांजराने अंग चाटलं की तो स्वतः दार उघडायचा. मांजरं तेही शिकली! चाटण्याचा आणि दाराचा काडीचा संबंध नाही तरी शिकली, आणि मग हळूहळू चाटणं पण कमी करत करत नुसती जीभ लावल्यासारखं करायला लागली. आणि रोमेन्ससारख्या किश्शांवर तो जे बोलला ते तर आजच्या रील्सना पण लागू पडतं, की हजारो मांजरं हजारो वेळा दारासमोर बसून केविलवाणी ओरडत असतात त्याबद्दल कुणी प्रोफेसरला पत्र लिहीत नाही, एखाद्या मांजराने नॉबला पंजा लावला की मात्र ती सगळ्या मांजरजातीची प्रतिनिधी होऊन पुस्तकात जाऊन बसते.

हे सगळं जुनं झालं म्हणाल तर २००९ मधे इंग्लंडमधे संशोधकांनी १५ मांजरांना दोरीला खाऊ बांधून दिला. एकच दोरी असेल तर ओढून खाऊ मिळवायला जमलं. पण दोन दोऱ्या, एकीलाच खाऊ, आणि त्या एकमेकींवर आडव्या टाकलेल्या, अशा वेळी एकाही मांजराला सातत्याने बरोबर दोरी निवडता आली नाही. म्हणजे दोरी ओढली की मजा येते हे कळतं, पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला खाऊ जोडलाय म्हणून तो येतो हे कळत असल्याचं दिसत नाही.

पण म्हणून मांजर मठ्ठ आहे असं मी म्हणणार नाही, इथे थॉर्नडाइक पण थोडा घाईत होता असं मला वाटतं. त्याला बघून शिकणं अजिबात सापडलं नव्हतं, पण १९६९ चा एक प्रयोग आहे ज्यात पिल्लांनी आईला खाऊसाठी खटका दाबताना पाहिलं आणि ती पटकन शिकली, अनोळखी मांजरीला पाहिलेली पिल्लं रखडत शिकली आणि ज्यांना नुसतं खटक्याबरोबर सोडून दिलं होतं ती शिकलीच नाहीत. त्यामुळे घरात दार उघडणारी भाटी असेल आणि तिला पिल्लं असतील तर कामाला लागा. शिवाय मांजरं चिवट असतात. २००५ मधे हंगेरीच्या संशोधकांनी कुत्र्यांना आणि मांजरांना आधी सुटणारं आणि मग न सुटणारं कोडं दिलं, तर अडल्यावर कुत्री माणसाच्या तोंडाकडे बघायला लागली, मांजरं मात्र जास्त करून त्या कोड्याशीच झटत राहिली. आपल्याकडे मदत मागायची नाही हा बाणा आपल्याला माहितीच आहे.

मग करायचं काय? तर ओरडायचं नाही हे पहिलं. ओरडून किंवा पाण्याचा फवारा मारून मांजर एवढंच शिकतं की तुम्ही असताना हे करायचं नाही, तुम्ही ऑफिसला गेलात की हँडल तेच आणि आतला मासा पण तोच. आणि पहाटे चारला दार खरडलं की वैतागून उठून थोडंसं खायला देणारे लोक (घरोघरी असतात, आमच्याकडे बाबा आहेत) तर मांजराला पद्धतशीर सोकावून ठेवतात. कधी मिळतं कधी नाही अशी सवय लागली की ती मोडायला नेहमी मिळण्याच्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे मानसशास्त्रात १९३९ पासून प्रयोगांनी दिसलेलं आहे. शिवाय तुम्ही खरंच देणं बंद केलं की सुरुवातीला बऱ्याचदा खरडणं कमी होत नाही, वाढतं. चांगलंच वाढतं. आणि नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी विरघळतं, म्हणजे मांजर शिकलं की जास्त जोरात खरडायचं. त्यापेक्षा रात्री झोपायच्या आधी तिला दमेस्तोवर खेळवा, मग खायला घाला, आणि पहाटेचं खाणं टायमरवाल्या डब्यावर सोपवा, डब्यासमोर तिने कितीही नाटकं केली तरी तो पाघळत नाही.

खरा उपाय मात्र हँडलमधे आहे. मांजराकडे एकच हालचाल आहे, अडकवायचं आणि खाली लटकायचं, तर ती हालचाल निकामी करा. बऱ्याच लॉकमधे हँडलच्या आत चौकोनी सळई असते, त्यामुळे हँडल काढून पाव वळसा फिरवून उभं बसवता येतं. सगळ्या लॉकमधे जमत नाही, काहींची प्लेट आणि स्प्रिंग आड येते, सुताराला दाखवून घ्या. उभ्या हँडलला मांजर लटकलं तर सगळा जोर सरळ खुंटीतून खाली जातो, फिरवायला काही उरतच नाही, उघडायचं तर बाजूला ढकलावं लागतं. गोल नॉब पण चालतो पण मग घरातल्या आजीचे हाल, त्यामुळे उभं हँडल बरं. वर टॉवर बोल्ट लावणार असाल तर खोलीच्या बाहेरून लावताना आत कुणी माणूस अडकणार नाही ना बघा, लहान मूल असेल तर जास्तच.

दार कुठल्या बाजूला उघडतं तेही बघा. मांजरापासून लांब उघडणारं दार म्हणजे तिला सोपं, लटकली की अंगाच्या वजनानेच ते सरकतं. तिच्या अंगावर उघडणारं दार अवघड, पण खाली फट असेल तर पंजा घालून ओढते, तिथे ब्रशची पट्टी लावली की काम होतं. आणि पावसाळ्यात एक वेगळीच भानगड असते, लाकूड दमट हवेतलं पाणी शोषून रुंदीत फुगतं, दार चौकटीत घट्ट बसतं आणि आपल्याला वाटतं लागलं, पण लॅच खाचेत गेलेलाच नसतो. अशा दाराला उघडायला हुशारी लागतच नाही, डोक्याने ढुशी दिली की झालं. चौकटीवरची लोखंडी पट्टी जरा सरकवून घेतली किंवा दाराची कड रंधून घेतली की निम्म्या घरांतली "हुशार मांजर" साधी होते.

स्लायडिंग खिडकीची मच्छरजाळी हा मात्र गंमतीचा विषय नाही. जाळीत नखं अडकवून बाजूला ओढलं की ती सरकते, आणि चौथ्या पाचव्या मजल्यावर पलीकडे काय आहे ते मांजराला कळत नाही. खालच्या खाचेत मापाची काठी किंवा पाइपचा तुकडा आडवा टाकून ठेवा, शक्य असेल तर बाहेरून पक्की जाळी लावा. तसंच औषधांचं कपाट, कारण पॅरासिटामॉलची एक गोळी पण मांजराच्या जिवावर बेतू शकते, आपलं यकृत ते औषध ज्या रस्त्याने निरुपद्रवी करून टाकतं तो रस्ता मांजरात जवळजवळ बंदच असतो. लिलीची फुलं आणली असतील तर तीही नको, मूत्रपिंडं जातात. या जागांना लहान मुलांसाठी मिळतं तसं मॅग्नेटवालं कुलूप लावा, ज्यात आधी बाहेरून चुंबक धरायचं आणि मग ओढायचं. थॉर्नडाइकच्या एका खोक्यात सुटायला तीन वेगवेगळ्या गोष्टी कराव्या लागायच्या, मांजरं त्यातूनही सुटली पण फार रखडली, आणि तिथे निदान तिन्ही गोष्टी पंजाने जमण्यासारख्या होत्या. चुंबक तेवढं फ्रिजच्या वर ठेवू नका, ती तिथेच झोपते.